सायलेन्सर हलका पाहिजे की आवाज मोठा पाहिजे?

पत्र:

दादा नमस्कार. मागच्या दिवाळीत सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन घेतली, २०१८ चं मॉडेल, दोन लिटर टर्बो, ऑटोमॅटिक. गाडी खतरनाक पळते पण आवाजाचं काय सांगू, मित्र म्हणतात शिवणयंत्र. म्हणून लाइटवेट आफ्टरमार्केट एक्झॉस्ट टाकायचा विचार आहे, वजनही कमी होईल आणि आवाजही सुधारेल. चार पर्याय आलेत. एक, परदेशी टायटॅनियम, ड्यूटी-बिटी धरून सव्वासहा लाख, विकणारा म्हणतो बारा किलो वाचतात. दोन, परदेशी स्टेनलेस, व्हॉल्व्हवाला म्हणजे आवाज हवा तसा कमी-जास्त करता येणारा, अडीच लाख. तीन, भोसरीतला एक जण 'प्युअर टायटॅनियम'मध्ये हाताने बनवून देतो म्हणतोय पंच्याऐंशी हजारात. चार, एक मित्र म्हणतो मफलर काढूनच टाक, पंधरा हजारात सरळ पाइप, सगळ्यात लाइटवेट तोच. गाडी फक्त शनिवार-रविवार, लोणावळा-महाबळेश्वर, आणि वर्षातून एकदा कोइंबतूरला कारी ट्रॅकवर जायचा प्लॅन आहे. सोसायटीत बेसमेंट पार्किंग. बायको म्हणते आवाज वाढला तर तू आणि गाडी दोघं बेसमेंटमध्येच झोपा. काय करू?
– एक वाचक, बाणेर

उत्तर:

अरे मित्रा, बायकोचं वाक्य फ्रेम करून लाव आधी, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात बरोबर मुद्दा तिचाच आहे, का ते पुढे बेसमेंटच्या भागात येतंच.

आता खरं खरं सांग. पत्रात 'वजन' हा शब्द एकदाच आहे, 'आवाज' तीनदा. मी पण याच रोगातून गेलोय म्हणून सांगतो, वजन हे आपण घरच्यांना सांगतो, आवाज आपल्याला पाहिजे असतो. त्यात काही पाप नाही, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुकानदार त्या एकाच पिशवीत घालून विकतो, तिथेच आपण फसतो.

सायलेन्सर हलका दोनच प्रकारे होतो. एक तर धातू बदलायचा किंवा पातळ करायचा, त्याला पैसा लागतो आणि हात लागतो. नाहीतर आतलं सामान काढून टाकायचं, म्हणजे कप्पे, जाळी, पॅकिंग, आणि त्याला फक्त ग्राइंडर लागतो. बाजारात 'लाइटवेट' म्हणून जे काही मिळतं त्यातलं बरंचसं दुसऱ्या प्रकारचं असतं. हलका आहे कारण आत काहीच नाही. तुझ्या मित्राचा पंधरा हजारवाला पाइप म्हणजे तेच, त्याला लाइटवेट म्हणायचं तर मग माझं रिकामं पाकीट पण लाइटवेटच.

आधी बारा किलोचं बघू. बारा किलो कशातून वजा जाता? विकणाऱ्याला विचार की मूळ मफलरचं वजन किती धरलंय, त्यात हँगर, क्लॅम्प, टोकाच्या नळ्या धरल्यात का, आणि तुझ्याच मॉडेलचं धरलंय की जास्त ताकदीच्या केमन एसचं. नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, सर वेबसाइटवर लिहिलंय. मग तू काय कर, पुढच्या सर्व्हिसला गाडी लिफ्टवर चढली की मफलर उतरवून घे आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेव. हसू नकोस, मी खरंच केलंय. आमच्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, मी माझ्या जुन्या हॅचबॅकचा कंपनीचा डबा आणि नवीन 'लाइटवेट' डबा दोन्ही घेऊन गेलो, तो बिचारा भाव सांगायला लागला, म्हटलं विकायचं नाहीये रे बाबा, फक्त मोज. जुना नऊ किलो चारशे, नवीन आठ किलो सातशे. सातशे ग्रॅमसाठी मी एकवीस हजार दिले होते. भंगारवाला म्हणाला, साहेब, दोन्ही लोखंडच आहे, एकाला फक्त पॉलिश जास्त आहे. ज्या दुकानातून घेतला तिथला माणूस नंतर फोन उचलेना, पण तो वेगळा विषय.

बरं, धरून चालू की बारा किलो खरंच वाचतात. तुझी गाडी ऑटोमॅटिक म्हणजे साधारण १३६५ किलो, वर तू बसणार. बारा किलो म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धर, सोळा लिटर कमी भरलंस की बारा किलो वाचले, सव्वासहा लाख न घालता. पण एक गोष्ट टायटॅनियमवाल्याच्या बाजूने बोलायला पाहिजे, केमनचं इंजिन मध्ये आहे आणि मफलर पार मागे, मागच्या चाकांच्याही पाठीमागे लटकलेला. शेपटाकडचं वजन कमी झालं की गाडी वळणात थोडी चटकन फिरते, टोकाला वीट बांधलेली काठी आणि मोकळी काठी फिरवून बघ, तसं. ट्रॅकवर हे एखाद्या तरबेज माणसाला जाणवू शकतं. लोणावळ्याला वडापाव खायला जाताना तुला नाही जाणवणार, मलाही नाही.

टायटॅनियम हलकं असतं याचा हिशोब अगदी साधा आहे. स्टेनलेस स्टील एका घन सेंटिमीटरला आठ ग्रॅमच्या जरा आत, टायटॅनियम साडेचार. म्हणजे ६३ मिलिमीटरचा पाइप, दीड मिलिमीटर जाडीचा, स्टीलचा घेतला तर मीटरला २.३ किलो, आणि एक मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा घेतला तर ९०० ग्रॅमसुद्धा नाही. फरक मोठा आहे, मान्य. पण पुढे इंजिन असलेल्या गाडीत बोनेटपासून डिकीपर्यंत तीन-चार मीटर पाइप जातो, तिथे हा फरक मीटरमागून मीटर साठत जातो. तुझ्या गाडीत इंजिनच पाठीला टेकलेलं, पाइप असून असून किती असणार. जी काय बचत व्हायची ती त्या डब्यात. आणि मधला मार्ग पण आहे ना, १.२ मिलिमीटरचं चांगलं ३०४ ग्रेडचं स्टील, मीटरला पावणेदोन-दोन किलोच्या मधे बसतं, किंमत भडकत नाही, फुटलं तर कुठेही वेल्ड होतं.

परदेशातून मागवताना अजून एक गंमत लक्षात ठेव जी कोणी आधी सांगत नाही. विमानाने येणाऱ्या पार्सलला खरं वजन आणि जागेवरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हा कुरियरवाल्यांचा नेहमीचा फॉर्म्युला. मफलरचं खोकं १०० बाय ७० बाय ४० असलं तर झाले ५६ किलो. आत दहा किलोचा टायटॅनियमचा डबा, बिल ५६ किलोचं, आणि त्या भाड्यासकट किमतीवर कस्टम ड्यूटी. म्हणून तुझ्या सव्वासहा लाखांच्या कोटेशनमध्ये भाडं खरंच धरलंय का ते लेखी घे.

आता भोसरी. मला भोसरीबद्दल प्रेम आहे, तिथे एमआयडीसीत असे हात आहेत की बघत राहावं, पण पंच्याऐंशी हजारात प्युअर टायटॅनियमची सिस्टिम, डबा, वाक, टोकं सगळं, हे मला पचत नाहीये. असेलही, आधी तपासून घे. त्याला सांग तू वापरणार आहेस त्या पाइपचा वीतभर तुकडा दे. लोहचुंबकाने कळणार नाही, चुंबक ३०४ स्टीलला पण जवळपास चिकटत नाही आणि टायटॅनियमला तर नाहीच, चिकटला तर मात्र दोन्ही नाही, साधं ४०९ ग्रेडचं स्टील आहे समज. तुकडा घरी आण, बायकोच्या केक करायच्या काट्यावर ठेव. पंधरा सेंटिमीटर लांब, ६३ चा, दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा स्टीलचा असेल तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, टायटॅनियमचा असेल तर दोनशेच्या. इतका फरक आहे की हातात घेतल्यावरच कळतं. अजून खात्री पाहिजे तर तिथेच ग्राइंडरला लावायला सांग, टायटॅनियमच्या ठिणग्या पांढऱ्याशुभ्र, फुलबाजीसारख्या लखलखीत उडतात, स्टेनलेसच्या पिवळट-नारिंगी. आणि ते निळं-जांभळं टोक बघून हुरळून जाऊ नको, तो रंग स्टीलवर पण आणता येतो, नुसता गॅस कटरने गरम करून.

धातू खरा निघाला तरी पुढे वेल्डिंग आहे, आणि इथेच खरी परीक्षा. टायटॅनियम गरम असताना हवा शोषतं आणि ठिसूळ होतं, त्यामुळे टिग वेल्डिंग करताना बाहेरूनही आर्गॉन पाहिजे आणि पाइपच्या आतूनही आर्गॉन भरलेला पाहिजे, आणि सांधा थंड होईपर्यंत गॅस चालू ठेवायला पाहिजे. त्याला म्हण तुझं जुनं काम दाखव आणि मोबाइलचा टॉर्च लावून आत बघ. सांध्याचा रंग चांदीसारखा असेल तर माणूस कसलेला आहे. फिकट सोनेरी, ठीक. गडद निळा-जांभळा, म्हणजे गॅसमध्ये काटकसर केलीय. राखाडी किंवा वर पांढरी भुकटी असेल तर नमस्कार करून बाहेर पड, तो सांधा ताम्हिणीच्या खड्ड्यांत तडकणार. स्टीलचं पण तसंच आहे थोडंफार, आतून गॅस न देता केलेला सांधा आतल्या बाजूला काळा, खडबडीत, दाणेदार होतो, चिक्कीच्या कढईचा तळ खरवडल्यासारखा. बाहेरून मात्र एकावर एक नाणी पसरल्यासारखी सुंदर शिवण, लोक त्याचेच फोटो टाकतात. आतला फोटो माग.

आवाजाबद्दल. तुझे मित्र शिवणयंत्र म्हणतात ते जरा दुष्टपणा आहे पण कारण खरं आहे. २०१६ ला पोर्शेने केमनला ७१८ नाव दिलं आणि सहा सिलिंडरच्या जागी चार सिलिंडरचं टर्बो इंजिन टाकलं, ताकद ३०० पीएसवर गेली, आवाज गेला. इतकी बोंब झाली की नंतर जीटीएस या वरच्या मॉडेलला पुन्हा चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन आणलं. आता कुठलाही एक्झॉस्ट, सव्वासहा लाखांचा असो की साठ लाखांचा, चाराचे सहा करत नाही. जे आहे ते मोठं करतो. शिवणयंत्राला लाउडस्पीकर लावलास तर मोठं शिवणयंत्र होतं रे. काही एक्झॉस्ट त्याला थोडा खर्ज देतात, कर्कशपणा कमी करतात, ते ऐकायला बरं वाटतं, पण मोबाइलवर व्हिडिओ ऐकून ठरवू नकोस, मोबाइलचा माइक खर्ज पकडतच नाही. तुझ्याच मॉडेलची, तोच एक्झॉस्ट लावलेली गाडी शोध, मुंबईत सापडेल, आणि बाहेर उभं राहून नाही, आत बसून अर्धा तास एक्सप्रेसवेवर फिर.

आत बसून का, तर घूंघूं. चार सिलिंडरचं इंजिन दोन हजार आरपीएमला सेकंदाला ६६-६७ वेळा धडकतं, आणि हा सूर असा आहे की केबिनमधली हवा त्याच्याबरोबर डोलायला लागते, कानात दडे बसल्यासारखं होतं. एक्सप्रेसवेवर शंभरच्या लिमिटमध्ये वरच्या गिअरला ऑटोमॅटिक गाडी नेमकी त्याच पट्ट्यात फिरत असते. म्हणजे तू एक्झॉस्ट रेडलाइनला, सगळ्यात वरच्या आरपीएमला, किती सुंदर गातोय ते ऐकून घेणार आणि आयुष्य काढणार दोन हजारवर. चांगले बनवणारे यासाठी डब्यात योग्य मापाची बंद नळी नाहीतर कप्पा देतात, तो नेमका तेवढाच सूर मारतो. हे सामान म्हणजे वजन. सगळ्यात हलक्या एक्झॉस्टमध्ये नेमकं हेच नसतं. लोकांना वाटतं जड म्हणजे मागासलेला, अरे त्या जडपणातच कंपनीच्या इंजिनिअरांनी तुझे कान वाचवलेत.

टर्बोचा एक फायदा आहे, एक्झॉस्टचे धक्के टर्बाइनमध्येच बरेचसे मोडले जातात, त्यामुळे भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती पॅकिंग असा साधा मफलर सुद्धा टर्बो गाडीला सभ्य ठेवतो. फक्त पॅकिंग कशाचं आहे ते विचार, स्वस्तातली काचलोकर जळून-उडून जाते आणि डबा दरवर्षी थोडा थोडा मोठ्याने बोलायला लागतो, आपल्याला कळत नाही, शेजाऱ्यांना कळतं. पुन्हा पॅकिंग भरता येतं का, डबा रिवेटचा आहे की पूर्ण वेल्ड केलेला, हेही बघ.

पॉवरचं विचारलं नाहीस, छान केलंस. नुसता मागचा डबा बदलून टर्बो गाडीत फारसं काही मिळत नाही. आणि कोणी म्हणालं की कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पण काढून टाकू तर तिथून थेट घरी ये. कॅट काढला की डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा, पीयूसीची बोंब, आणि सिग्नलला उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलसारखा वास. तसंच टर्बोच्या लगतचा पाइप टायटॅनियमचा कोणी सुचवला तरी नको, तिथली उष्णता टायटॅनियमला सोसत नाही, तिथे स्टेनलेस नाहीतर रेसिंगवाल्यांचं इन्कोनेल, म्हणजे उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. आपल्याकडे रस्त्यावर हे सगळं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलाचे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि आवाज-धुराच्या नियमासाठी कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने निलंबित. प्रवासी गाडीला पास-बाय चाचणीत, म्हणजे गाडी शेजारून जाताना आवाज मोजतात त्यात, ७४ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ही चाचणी करणारी संस्था एआरएआय तुझ्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर बसलीय, हा योगायोग बघ. परदेशी मफलरवर युरोपचा ई-मार्क असला तर तो तिकडच्या नियमात तपासलाय एवढं कळतं, पण इथे पोलिसाला तो स्टिकर दाखवून सुटका होईल असं समजू नकोस. बुलेटवाल्यांचे सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले फोटो पाहिलेच असशील. शिवाय अपघाताचा क्लेम करताना न सांगितलेलं मॉडिफिकेशन निघालं तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते.

आणि बेसमेंट. थंड इंजिन चालू केलं की कॅट लवकर तापावा म्हणून पहिलं मिनिटभर आरपीएम चढलेला असतो. वर काँक्रीट, खाली काँक्रीट, चारी बाजूंना काँक्रीट. रविवारी पहाटे साडेपाचला तू निघणार, नियमाने रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल, तुझा सरळ पाइप त्याच्या कुठल्या कुठे जाणार. माझ्या त्या एकवीस हजारवाल्या डब्याने तिसऱ्याच रविवारी आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन महिन्यांच्या बाळाला उठवलं. त्याची आजी काही बोलली नाही, फक्त बाळाला घेऊन खाली आली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, आता झोपव. पाऊण तास झोपवत होतो. त्याच आठवड्यात जुना डबा परत बसवला.

तर तुझ्या चार पर्यायांपैकी चौथा आणि तिसरा बाद, तिसरा माणूस तुकड्याच्या परीक्षेत पास झाला तर त्याच्याकडून दुसरं काही बनवून घे, एक्झॉस्ट नको. पहिला फक्त तेव्हा, जेव्हा गाडी वर्षातून एकदा नाही तर दर महिन्याला ट्रॅकवर जाईल, आणि तेव्हाही बारा किलोच पाहिजे असतील तर आधी लिथियम बॅटरीचं वजन आणि किंमत विचारून बघ, दर रुपयामागे जास्त किलो जातात, आणि कोणाच्या बाळाला पत्ता लागत नाही. दुसरा, व्हॉल्व्हवाला स्टेनलेस, या चारांत मला तोच बरा वाटतो, पण ट्रॅकसाठी, आणि व्हॉल्व्ह बंद असताना तो मूळ डब्याइतका शांत आहे का हे कानाने ऐकूनच. रस्त्यावर मूळ डबा, कोइंबतूरला जायच्या आधी बदल, आल्यावर परत. कटकट आहे, माहितीये.

पण त्याही आधी एक फोन कर. पोर्शेच्याच ऑप्शनच्या यादीत या मॉडेलला व्हॉल्व्हवाला स्पोर्ट्स एक्झॉस्ट होता. सर्व्हिस सेंटरला गाडीचा व्हीआयएन, म्हणजे चॅसिस नंबर, दे आणि विचार की माझ्या गाडीला तो मूळचा आहे का, नसेल तर बसवून मिळेल का, आणि बसवल्याचं बिलावर लिहून मिळेल का. वजन कमी होणार नाही, हे आधीच सांगतो. आणि गंमत म्हणजे सेकंडहँड घेणाऱ्या काही लोकांच्या गाडीत तो आधीच असतो आणि ते बटण त्यांनी कधी दाबलेलंच नसतं. गिअरच्या आजूबाजूला दोन नळकांड्यांचं चित्र असलेलं बटण आहे का बघ जरा. असेल तर दाब, खाली बेसमेंटमध्ये नको, बाहेर बाणेर रोडला लागल्यावर, आणि मग मला परत लिही.

मूळ मफलर मात्र कुणालाही विकू नकोस, काहीही केलंस तरी. भंगारवाल्याकडे वजनाला नेशील तेव्हा तर हातातून सोडूच नकोस.